भुरीबाईंबद्दल आठवीच्या वर्गाला काय सांगू? (चित्रकलेच्या शिक्षकांनी जरा मदत करा)

माणदेशी_बाई (विटा)

नमस्कार मंडळी. मी विट्याजवळच्या एका माध्यमिक शाळेत चित्रकला शिकवते. एटीडी (कलाशिक्षकाची पदविका) सांगलीत केलं, नोकरीचं हे अकरावं वर्ष. ८ मार्चच्या कार्यक्रमात पंधरा मिनिटं बोलायचं माझ्याकडे आलंय. दरवर्षी ठरलेली चार नावं होतात आणि पोरं पहिल्या ओळीपासून जांभया देतात. यंदा मी भुरीबाई घेतल्या. मध्य प्रदेशातल्या भिल्ल चित्रकार, २०२१ च्या पद्मश्री.

त्याच का, ते सांगते. आमच्याकडे हंगामात ऊसतोड टोळ्यांची मुलं चार-पाच महिने शाळेत येतात. यंदा आठवीत एक मुलगी आलीय, नंदुरबारच्या आदिवासी भागातली, धडगावकडची. मराठी कळतं तिला, पण वर्गात तोंड उघडत नाही. डिसेंबरात मी वस्तुचित्र दिलं होतं, तांब्या, वाटी आणि दोन कांदे. एलिमेंटरी चित्रकला परीक्षेला बसणारी पोरं छायाप्रकाश घोटत बसली. हिने तांब्याची बाह्यरेषा काढली आणि आतली सगळी जागा टिपक्यांनी भरली. ओळीत भरलेले टिपके, एकासारखा एक. मी दहापैकी तीन गुण दिले, खाली शेरा मारला, "छायाप्रकाश नाही. वस्तू बघून काढ."

परवा भाषणासाठी मोबाईलवर शोधताना भुरीबाईंचा एक मोर समोर आला. अंगभर टिपके. मी उठून कपाटातला तो कागद काढला आणि दोन्ही शेजारी ठेवून बघत बसले. माझीच मला लाज वाटली, दुसरं काय.

आता अडचण अशी की जिथे बघावं तिथे तीच गोष्ट. मजुरी करायच्या, चित्रकार स्वामीनाथन यांनी शोधून काढलं, पद्मश्री मिळाली. तीन वाक्यांत बाई संपते. यापलीकडे पोरांना सांगण्यासारखं काय आहे? आणि दुसरं, भाषणानंतर वर्गाला टिपक्यांची चित्रं काढायला द्यावीत का? की ते बरोबर नाही?

कराडचे_निवृत्त_सर

ताई, आधी एक विनंती. "शोधून काढलं" हे शब्द भाषणात घेऊ नका. हरवलेली वस्तू शोधतात. भुरीबाई हरवल्या नव्हत्या, भोपाळात भारत भवनाच्या बांधकामावर घमेली वाहत होत्या.

मी ३४ वर्षं चित्रकला शिकवली. दर दोन वर्षांनी पोरांची सहल औंधला न्यायचो. संग्रहालयाची ती टेकडी, रविवर्म्याची चित्रं, ब्रिटिश शिल्पकार हेन्री मूरचं मायलेकराचं शिल्प. खटाव तालुक्यात मूर बघायला मिळतो हे सांगताना छाती फुगायची माझी, अजूनही फुगते. पण औंधच्या वाटेवर ज्या घरांच्या भिंती चुना आणि कावेनं रंगवलेल्या दिसायच्या, नागपंचमीचे नाग काढलेले असायचे, त्यापुढे मी एकदाही एसटी थांबवली नाही. त्या भिंतींवर चित्रं असतात हे मला निवृत्तीनंतर कळलं, तेही भोपाळला जाऊन. उशीर झाला, पण असो.

आता भुरीबाईंचं. गाव पिटोल, झाबुआ जिल्हा. गुजरातच्या हद्दीला लागून, दाहोदच्या बाजूचं. तिथे मातीच्या भिंती दरवर्षी नव्यानं सारवायच्या आणि त्यावर बायकांनी चित्रं काढायची, ही रीत. रंग घरचेच. गेरू, खडू माती, हळद, तव्याची काजळी, पानं चोळून हिरवा. ब्रश म्हणजे काडीला गुंडाळलेली चिंधी किंवा चावलेली काडी. हे ती लहानपणापासून बघत आणि करत आलेली. म्हणजे तुमच्या भाषणातलं पहिलं वाक्य "ती मजूर होती" असं नको. ती चित्रकार होती आणि पोटासाठी मजुरी करत होती. क्रम फिरवा, सगळं भाषण फिरेल.

लग्नानंतर नवऱ्याबरोबर भोपाळला आली. तेव्हा भारत भवनाचं काम चालू होतं. चार्ल्स कोरियांची इमारत, मोठ्या तलावाच्या उतारावर पायऱ्यापायऱ्यांनी खाली उतरत गेलेली. १३ फेब्रुवारी १९८२ ला उद्घाटन झालं. तिथल्या रूपंकर या कलासंग्रहालयाची जबाबदारी जगदीश स्वामीनाथन यांच्याकडे होती. स्वतः मोठे चित्रकार. त्यांचा हट्ट असा, की शहरातल्या चित्रकाराचं काम आणि आदिवासी चित्रकाराचं काम एकाच छपराखाली, एकाच मानानं लावायचं. आज हे साधं वाटतं. त्या काळी आदिवासींच्या वस्तू मानववंशशास्त्राच्या कपाटात असायच्या, भाल्याशेजारी आणि टोपलीशेजारी, खाली चिठ्ठी "जमात अमुक". माणसाचं नाव नाही.

स्वामीनाथन यांनी मजुरांना विचारलं, तुमच्याकडे सणाला, लग्नाला काय काढता? या बाईला हिंदी येत नव्हतं, भिलीच बोलायची. मध्ये कुणीतरी दुभाषा. कागद आणि तयार रंग दिले. आणि हा आकडा पोरांना नक्की सांगा: बांधकामावर तिची मजुरी दिवसाला ६ रुपये होती, चित्र काढायचे १० रुपये मिळाले. बसून रंगवायचे जास्त पैसे कसे काय, याचंच तिला नवल वाटलं. मी हा आकडा वाचला तेव्हा त्यावर बराच वेळ अडकलो होतो. आमच्या घरात आईनं आयुष्यभर दारात रांगोळी काढली, त्याचे कुणी चार आणे दिले असते तर ती घाबरलीच असती.

भिंतीवर काढणाऱ्या हाताला कागद म्हणजे काय, हेही समजावून सांगा. भिंत उभी, कागद आडवा. भिंतीवरचं चित्र पुढच्या पावसाळ्यात जाणार हे ठरलेलं, कागदावरचं राहणार. भिंतीच्या रंगाला दिवस घालवून माती आणायची, वाटायची. इथे बाटलीचं झाकण उघडलं की लाल. बाईला त्या रंगांचा आनंद झाला असं सांगतात, आणि मला ते पटतं. आपल्याकडचे काही लोक "नैसर्गिक रंगच हवेत" म्हणून हळहळतात ना, त्यांनी एकदा स्वतः गेरू कुटून बघावा.

पुढचं सगळं सरळ नव्हतं. आजारपणं आली. मग भोपाळच्या आदिवासी लोककला परिषदेत चित्रकार म्हणून नोकरी मिळाली. मध्य प्रदेश सरकारचा शिखर सन्मान मिळाला, पुढे अहिल्या सन्मान. पद्मश्री फार नंतर. सुरुवात आणि पद्मश्री यांत जवळजवळ चाळीस वर्षं आहेत, आणि ही चाळीस वर्षं भाषणांत दोन स्वल्पविरामांमध्ये बसवतात.

२०१७ च्या नोव्हेंबरात मी भोपाळच्या जनजातीय संग्रहालयात गेलो. तिथे त्यांनी स्वतःच्या आयुष्यावर रंगवलेली भिंत आहे, सत्तर फूट लांब. मी चष्मा पुसत पुसत या टोकापासून त्या टोकापर्यंत दोनदा चाललो. सौ. बाकावर बसून राहिल्या, त्यांचे गुडघे. त्या म्हणाल्या, "ही बाई गावातून निघाली तेव्हा जेवढ्या आकाराची आहे तेवढीच शेवटीही आहे, बघितलंत का? मोठी झाली नाही." मी बघितलं नव्हतं. शिक्षकानं म्हणे निरीक्षण शिकवायचं असतं.

तासगावचा_के

सगळा आदर ठेवून विचारतो. परिप्रेक्ष्य नाही, शरीराचं प्रमाण नाही, सगळं एकाच पातळीवर. आम्ही जेजेच्या प्रवेशासाठी दोन वर्षं हाडं आणि स्नायू घोटले. हे गोड आहे, सजावटीचं आहे, पण "कला" म्हणून याच रांगेत का बसवायचं? मुलांचा गोंधळ होणार नाही का?

कराडचे_निवृत्त_सर

के, गोंधळ झाला तर बरंच. परिप्रेक्ष्य म्हणजे एका जागी उभ्या एका माणसाला जे दिसतं ते. भुरीबाईंच्या चित्रात झाड बाजूनं दिसतं, विहीर वरून, कोठी आतून. कारण ती त्यात राहिलेली आहे, समोर स्टूल टाकून बसलेली नाही. पंढरपूरची वारी कागदावर काढायला सांगितली तर कुठे उभा राहशील? आणि तुझे स्नायू वाया गेलेले नाहीत, काळजी करू नकोस.

गवंडी_कोरेगाव

रामराम. मी सांगतोय, नात टाइप करतीय. चित्रातलं मला कळत न्हाई. पर बाई बांधकामावर व्हती म्हणून बोलतो.

४० वर्सं झाली थापी हातात हाय. बाईमाणूस साईटवर आली की तिला बिगारीच म्हणत्यात, मग ती काय का करंना. गड्याची हजेरी येगळी, बाईची कमी. वाळू चाळायची, इटा द्यायच्या, मालाचं घमेलं वर चढवायचं. सांजच्याला स्वैपाक परत हायेच. त्या बाईला सायबानं १० रुपये दिलं ह्यात मोठी गोष्ट रंगाची न्हाई, टायमाची हाय. दिवसभर डोक्यावर घमेलं नसलं तर माणसाला सुचतं. आमच्याकडं एक बाई व्हती, माण तालुक्यातली, ओल्या गिलाव्यावर बोटानं येल काढायची. लई झ्याक. मी वरनं थापी फिरवून सपाट करायचो, मालक वरडल म्हणून. किती येल मी पुसलं आसतील त्याला मोजदाद न्हाई.

बाई, तुमी पोरास्नी ते ६ आन १० रुपयाचं जरूर सांगा. तेवढंच मला ह्यातलं कळलं.

मिरजेची_परिचारिका

मी मूळची अक्कलकुव्याची, भिल्ल. नोकरीनिमित्त मिरजेत. सहसा इथे लिहीत नाही, पण टिपक्यांबद्दल विचारलंय म्हणून.

पहिली गोष्ट, आमची प्रत्येक गोष्ट पिठोरा नसते. इथे बहुतेकांना तो एकच शब्द माहीत असतो. पिठोरा हे नवसाचं चित्र. छोटा उदेपूर, अलिराजपूर, झाबुआ या पट्ट्यात राठवा, भिलाला, भिल्ल यांच्या घरी, आतल्या भिंतीवर. त्यासाठी बडवा, म्हणजे विधी करणारा भगत, लागतो, विधी लागतो, आणि ते घोडे पुरुषच काढतात. बाईनं पिठोऱ्याचा घोडा काढायचा नाही. माझ्या आजोळी तो होता. आम्ही मुली दारातून बघायचो, शिंकसुद्धा दाबून. भुरीबाईंची कागदावरची चित्रं म्हणजे पिठोरा नव्हे. त्यांच्यात मोर आहेत, मुंग्या, मोहाचं झाड, धान्याची कोठी, होळीच्या आधीची भगोरियाची जत्रा, गोंदण. अलीकडे बस आणि विमानही. लोक विमान बघून हसतात, "आदिवासी चित्रात विमान!" का बरं? त्या विमानात बसून आल्यात.

टिपक्यांबद्दल. कुणी म्हणतं मक्याचे दाणे, कुणी म्हणतं प्रत्येक टिपका म्हणजे एक पूर्वज. आमच्या घरी आई दोन्ही सांगायची, ज्या दिवशी जे आठवेल ते. पण एक नक्की, प्रत्येकीचे टिपके वेगळे पडतात. किती अंतर, कुठला रंग कशाशेजारी, ओळ वळते कुठे. जाणकार माणूस टिपक्यांवरून चित्र कुणाचं ते सांगतो. सहीसारखं आहे ते. भुरीबाईंचे टिपके आणि लाडोबाईंचे टिपके एक नाहीत, दोघीही झाबुआकडच्या आणि दोघीही भारत भवनाच्या काळातल्या असूनसुद्धा.

म्हणून ताई, वर्गाला "भुरीबाईंसारखे टिपके काढा" असं सांगू नका. दुसऱ्याची सही गिरवल्यासारखं होईल. त्यांना म्हणा, तुमच्या घरात कुणाच्या हातची कुठली खूण आहे ती घेऊन या. आजीच्या गोंदणाची, गोधडीच्या टाक्याची, कशाचीही.

आणि त्या मुलीला सगळ्या वर्गासमोर उभं करून "ही बघा आपली भुरीबाई" असं कृपया करू नका. माझ्या बाबतीत एका शाळेत झालं होतं ते. गॅदरिंगला पानांचा घागरा घालून नाचवलं मला. आमच्यात तसा घागरा कुणी घालत नाही. तेव्हापासून मी कुणालाही लवकर गाव सांगत नाही.

सातारा_रोड_स्टेशन

वरच्या चर्चेवरून एक आठवलं. आपल्या वारलीचं उलटंच झालंय. लग्नात भिंतीवर काढायचा चौक आणि त्यातली पालघट देवी हे काम सवाशिणींचं, बायकांचं. सत्तरच्या दशकात चित्रकार भास्कर कुलकर्णी वारली पाड्यांवर गेले आणि तिथून चित्रं कागदावर आली. पण जगाला नाव कळलं ते जिव्या सोमा मशे यांचं. मोठाच माणूस, २०११ ला पद्मश्री, २०१८ ला गेले, त्यांच्याबद्दल वाद नाही. पण ज्या बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या चौक लिहिले त्यांतल्या एकीचं नाव तुम्हाआम्हाला येतं का? हेच भास्कर कुलकर्णी त्याआधी दुष्काळात बिहारमधल्या मधुबनीला कागद घेऊन गेले होते. तिथे मात्र बायकांची नावं झाली, जगदंबा देवी, सीता देवी, गंगा देवी. आणि भिल्लांमध्ये विधीचं चित्र पुरुषांचं, तरी कागदावर पहिलं नाव एका बाईचं. कागद कुणाच्या हातात पडला यावर किती अवलंबून असतं बघा.

तुमच्या भाषणाचा विषय हाच करा असं म्हणत नाही. आठवीच्या पोरांना झेपेल की नाही कोण जाणे.

फलटणची_आत्या

माझं वय ६६. मला हे सगळं वाचून रंग घ्यावेसे वाटायला लागलेत, हसू नका. या वयात कुणी सुरुवात केलीय का?

कराडचे_निवृत्त_सर

आत्या, केलीय की. जोधइया बाई बैगा, उमरिया जिल्ह्यातलं लोढा गाव. नवरा गेला, मोलमजुरी केली, आणि साठी ओलांडल्यावर आशीष स्वामी या चित्रकाराच्या हाताखाली ब्रश धरला. वाघ, मोह, महादेव. चित्रं इटलीपर्यंत गेली. २०२३ ला पद्मश्री, डिसेंबर २०२४ मध्ये गेल्या. पोस्टर कलरची सहाची पेटी घ्या, बाराची नको. पांढरा मात्र वेगळी मोठी बाटली, तो पहिला संपतो.

माणदेशी_बाई (विटा)

सगळ्यांना उशिरानं उत्तर देतेय. कार्यक्रम झाला.

पंधरा मिनिटांची पंचवीस झाली. मुख्याध्यापकांनी दोनदा घड्याळ दाखवलं. सरांनी सांगितल्याप्रमाणे सुरुवात भिंतीपासून केली आणि "शोधलं" शब्द एकदाही येऊ दिला नाही. ६ आणि १० रुपये फळ्यावर लिहिले. गवंडीकाका, त्यावर मागच्या बाकावरचा एक पोरगा म्हणाला, "मग माझी आई भाकरी थापते त्याचे किती?" सगळे हसले. मी नाही उत्तर दिलं. खरं म्हणजे सुचलंच नाही.

परिचारिकाताई, तुमचं ऐकलं. मुलीचं नाव घेतलं नाही, तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. टिपकेही कुणाला काढायला दिले नाहीत. "घरातली हाताची खूण आणा" म्हटलं तर काय काय आलं! गोधडीचा धागा, बेंदराच्या बैलाच्या झुलीवरची नक्षी, आजीच्या दंडावरची तुळस, एकानं तर वडील वेल्डिंग करतात त्या जोडाची रेघ काढून आणली. ती रेघ मला सगळ्यात आवडली.

तिनं तिसऱ्या दिवशी कागद आणला. उसाचा ट्रॅक्टर, मागे दोन ट्रॉल्या, वर माणसं. सगळं टिपक्यांनी भरलेलं, चाकं तेवढी कोरी. मी विचारलं, चाकं का सोडलीस? पहिल्यांदा ती माझ्याशी पूर्ण वाक्य बोलली. म्हणाली, "बाई, गाडी चालू हाय." चालत्या चाकावर टिपके दिसत नाहीत, एवढं साधं. आणि मी तिला शेरा मारला होता, वस्तू बघून काढ. तो जुना कागद तिला परत दिला. शेरा खोडून गुण बदलले, किती केले ते सांगत नाही.

शाळेच्या मागच्या भिंतीवर तिला एक चौकोन दिला, पाच फूट बाय चार. तिच्याबरोबर आणखी चार पोरी होत्या, ज्याची त्याची खूण घेऊन. खाली नावं लिहायची ठरलं तेव्हा कळलं की हजेरीत तिचं नाव चुकीचं आहे. प्रवेशाच्या वेळी ज्यानं लिहून घेतलं त्यानं ऐकलं तसं लिहिलं होतं, आणि ती चार महिने त्याच नावाला "हजर" म्हणत होती. भिंतीवर तिनं स्वतः खरं नाव लिहिलं. अक्षर थोडं तिरकं आहे.

गेल्या आठवड्यात कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला. टोळी रात्रीच निघाली, सकाळी बाक रिकामा. हजेरीतलं नाव मी परवा दुरुस्त करून घेतलंय. आता पुढच्या हंगामात ती याच कारखान्याकडे येते की दुसरीकडे, ते टोळीचा मुकादम उचल (आगाऊ पैसे) कुणाची घेतो त्यावर. मे महिन्यात शाळेला चुना मारतात. शिपाईमामांना सांगून ठेवलंय, मागच्या भिंतीचा तेवढा चौकोन सोडा. ते म्हणाले, "लेखी द्या बाई." तर आज अर्ज लिहितेय.